पिन खाली येईपर्यंत

आमच्या घरमालकांनी आम्हाला घर दिलं ते माझ्या वडिलांच्या बॉयलरमुळे.

जर्मनीत, झिंडेलफिंगेनमध्ये, मोटारींच्या कारखान्यात नोकरी मिळणं सोपं, भाड्याचं घर मिळणं अवघड. मला नोकरी आधी मिळाली. घर बघायला गेलो त्या दिवशी जिन्यात खालपर्यंत रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात फाईल होती. पगाराच्या पावत्या, बँकेचे कागद, आधीच्या मालकाचं शिफारसपत्र. आमच्याही हातात होती. घरमालक चिनी होते. साठी ओलांडलेले, सडपातळ, अंगात कुठल्याशा फॅक्टरीतला निळा डगला, खिशाला पेन. त्यांनी एकाचीही फाईल उघडली नाही. प्रत्येकाला एकच विचारत होते, वडील काय करतात.

माझ्या पुढचा मुलगा म्हणाला, वडील नोटरी आहेत. घरमालकांनी मान हलवली आणि पुढे बघितलं.

"माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते," मी म्हटलं. हे मी कुठेही सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ती फी त्या बॉयलरच्या पगारातून गेली. यात लपवण्यासारखं काही असेल तर मला अजून सापडलेलं नाही.

"कोळसा?" त्यांनी विचारलं.

"उसाचं चिपाड."

"सेफ्टी व्हॉल्व्ह कितीदा उडाला?"

"ते ड्यूटीवर असताना एकदाही नाही."

"आल्झो," ते म्हणाले, म्हणजे ठरलं तर, आणि रांगेतल्या बाकीच्यांना घरी जायला सांगितलं. माझ्या नवऱ्याला बराच वेळ समजेना की काय झालं. तो आयटीतला आहे. त्याच्या वडिलांबद्दल कुणी काही विचारलं नाही याचं त्याला थोडं वाईटही वाटलं.

घरमालक तरुणपणी डॉक्टरेट करायला इकडे आले आणि राहून गेले. सगळी नोकरी त्यांनी रबराच्या सीलवर काढली. व्हॉल्व्हमध्ये, झाकणांत, पंपांत जी रबरी रिंग असते ती. त्यांच्या मते जगात जे काही बिघडतं ते सील नीट न बसल्यामुळे बिघडतं. यात पाइपपासून लग्नांपर्यंत सगळं आलं. ते खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. मुलगा हॅम्बर्गला, विमानांच्या कामात. बायको आम्ही येण्याच्या आधी काही वर्षं वारली होती.

आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुकर लावला. सांगलीहून बॅगेत आणलेला, शिट्टीचा. पहिली शिट्टी झाली. दुसरी व्हायच्या आत दारावर थाप पडली. घरमालक उभे होते. हातात आग विझवायचं ब्लँकेट होतं.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी कुकर दाखवला. ते समोर उभे राहिले. कुकरनं त्यांच्या तोंडावर शिट्टी मारली.

"प्रेशर किती आहे?"

"तीन शिट्ट्या."

"शिट्टी हे एकक नाही."

"आमच्याकडे आहे," मी म्हटलं. "डाळीला तीन, हरभऱ्याला सहा, मटणाला बघून."

त्यांनी ब्लँकेटची घडी घातली. जाताना म्हणाले, "हे भांडं वाफ वाया घालवतं आणि वर ते सगळ्यांना ओरडून सांगतं."

त्यांचा कुकर जर्मन होता, मोठा, स्टीलचा, आणि मुका. झाकणाच्या मुठीपाशी एक पिन असायची. आत प्रेशर आलं की पिन हळूच वर यायची, तिच्यावर एक वळं दिसायचं, मग दुसरं. गॅस बंद केला की ती आपापली खाली जायची. ती पूर्ण खाली गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा त्यांचा धर्म. मुठीला वाफ सोडायची कळ होती. ती त्यांनी कधी दाबली नाही. कळ दाबली की आत एकदम उकळी फुटते, गाळ वर येतो आणि सूप गढूळ होतं. पिनेची वाट पाहिली तर सूप इतकं नितळ राहतं की तळाचं गाजर दिसतं. कुकर चढवला की ते समोर स्टूल टाकून बसायचे. वाचायचे नाहीत, फोन बघायचे नाहीत. त्या वेळात त्यांच्याशी बोललेलं त्यांना आवडायचं नाही. "वाफ असताना गप्पा मारू नयेत," असं म्हणायचे. हे मला पटायचं. बॉयलरवाल्याच्या घरात वाढल्याचा परिणाम.

सूप आमच्याकडे आलं ते मुलामुळे. माझी मुलगी तेव्हा चार-पाच वर्षांची, मुलगा दोनचा. मुलगा जेवायचा नाही. ताट बघितलं की भोकाड पसरायचा, मी ओरडायची, नवरा त्याला टॅबवर हत्ती दाखवायचा, आणि हत्ती संपेपर्यंत घास गालातच. एका शनिवारी दुपारी घरमालक वर आले. मला वाटलं आवाजाची तक्रार. जर्मनीत दुपारी ड्रिल मारलं तर शेजारी पत्र लिहितात, त्यामानानं आमचा मुलगा बराच वरचढ होता.

"तुमचा मुलगा खात नाही," ते म्हणाले. "खाली ऐकू येतं."

त्यांनी मुलाला जीभ दाखवायला सांगितली. तो जेवायला नकार देतो, जीभ दाखवायला नाही. त्यांनी जीभ नीट पाहिली, मग मुलीचीही, आणि माझ्याकडे वळले. मी तोंड मिटून घेतलं.

"पोट थंड आहे," असं निदान झालं. दुसऱ्या शनिवारी झाकणाचा डबा आला. आत डुकराच्या बरगड्यांचं सूप होतं. मी सरळ सांगितलं, आम्ही डुकराचं खात नाही. ते डबा घेऊन खाली गेले आणि त्यानंतरच्या शनिवारपासून कोंबडी आली. हाडासकट तुकडे, मक्याची कणसं चकत्या करून, गाजर, आपल्या कोनफळाच्या नात्यातला एक पांढरा कंद, चिमूटभर लाल बारीक दाणे, आणि सुकी लाल बोरं. बोरं मी ओळखली. त्यांच्या बिया त्यांनी एकेक करून काढल्या होत्या, कारण बी उष्ण.

हा उष्ण-थंडचा विषय निघाला आणि माझं नि त्यांचं जमलं. ऑफिसात कुणाला मी सांगू शकत नव्हते की बाळंतिणीला काकडी देत नाहीत. जर्मन माणूस विचारतो, काकडीचं तापमान किती. घरमालक विचारत नसत. मटण उष्ण, मुळा थंड, आंबा उष्ण, आलं उष्ण, नारळाचं पाणी थंड, आमचं सगळीकडे एकमत होतं. फक्त पपईवर बिनसलं. मी म्हणायची उष्ण, ते म्हणायचे नाही. त्यावर दोन शनिवार गेले. शेवटी पपई या घरात आणायची नाही असं ठरलं.

करण्याची पद्धत त्यांनी मला एकदाच दाखवली. कोंबडी आधी गार पाण्यात चढवायची, उकळी आली की वर करडा फेस येतो, ते पाणी फेकून द्यायचं. तुकडे पुन्हा धुवायचे. कुकर पण धुवायचा. मग सगळं आत, आल्याची जाड चकती, पाणी, झाकण. मीठ शेवटी, तेही नखाएवढं. मुलांच्या सूपात चव नसते, जोर असतो, असं ते म्हणायचे. हळद नाही, मिरी नाही, लसूण तर नाहीच. मी एकदा हिंगाची डबी खाली नेली होती. त्यांनी वास घेतला, झाकण लावलं आणि डबी गॅलरीत नेऊन ठेवली.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती आमच्या गावाकडे असते, तासगावच्या पलीकडे.

"अगं, ही तर आळणी झाली की," आई म्हणाली.

खरंच होतं. आमच्याकडे मटण शिजलं की तिखट-मसाला घालायच्या आधी ते नुसतं पाणी वाटीभर काढून ठेवतात आणि घरातल्या बारक्यांना पाजतात. तीच आळणी. मी पण तिच्यावरच वाढले.

"माणूस शाणा हाय," आई म्हणाली. "आणि मटणाचं काय करतोय मागनं?"

"फेकतात बहुतेक. नाहीतर स्वतः सोया सॉस लावून खातात. मुलांना फक्त पाणी."

आईनं लगेच निकाल फिरवला. "मग येडा हाय," म्हणाली.

तो चोथ्याचा मुद्दा मला पण बोचत होता. आमच्या आळणीतलं मटण पुढे रश्श्यात जातं, कण वाया जात नाही. आणि इथे एवढी कोंबडी, गाजर, मका, सगळा कस पाण्यात गेला म्हणून बाजूला. शिवाय आपल्याकडे लहान मुलाचं जेवण म्हणजे घोटायचं. भात घोटायचा, वरण घोटायचं, चमच्यानं दाबून बघायचं की गुठळी राहिली नाही ना. एका शनिवारी मी त्यांना म्हटलं, सगळंच द्या, चोथ्यासकट. घरी आणलं, हाडं काढली, आणि मका-गाजर-कोंबडी-सूप सगळं मिक्सरमधून फिरवलं. वर थोडं तूप सोडलं. मुलाला मांडीवर घेऊन भरवत होते तेवढ्यात घरमालक वर आले. डब्याचं झाकण द्यायचं राहिलं होतं.

ते वाटीकडे बघत राहिले. मी म्हटलं, पौष्टिक आहे, काही फेकलं नाही.

"हे सिमेंट आहे," ते म्हणाले.

आणि ते खाली गेले. त्यानंतर दोन शनिवार सूप आलं नाही. जिन्यात भेटले तर मान हलवायचे, बोलायचे नाहीत. त्या आठवड्यांत जिना झाडायची पाळी आमची होती. आमच्या भागात ही पाळी फार पवित्र असते, दारावर पाटी लटकवतात. त्यांनी पाटीबरोबर झाडूही दारात आणून ठेवला, म्हणजे नवीन झाडू, किमतीच्या चिठ्ठीसकट. मी जिना झाडला. चांगला झाडला. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. तिसऱ्या शनिवारी डबा आला. फक्त पाणी. मी मुलाला फक्त पाणी पाजलं, आणि त्यानं वाटी रिकामी केली, हत्तीशिवाय. मी आईला हे सांगितलं नाही.

या सगळ्यात मुलांना जीभ दाखवायची सवय लागली. मुलीच्या किटामधून, म्हणजे बालवाडीतून, मला बोलावणं आलं. तिच्या बाई काळजीच्या सुरात म्हणाल्या, "तुमची मुलगी रोज सकाळी आल्याबरोबर मला जीभ दाखवते."

"ती तब्येत दाखवते," मी म्हटलं. "तुम्ही बघून ठीक आहे म्हणा, ती आत घेईल."

बाईंनी ते लिहून घेतलं. पुढे काही तक्रार आली नाही.

कुकरबद्दल त्यांनी एकदा आपण होऊन सांगितलं. पिन खाली येत होती, म्हणजे बोलायला परवानगी होती. बायको सूप मंद आचेवर करायची, मातीच्या भांड्यात, सकाळी चढवलं की संध्याकाळी उतरवायचं. यांना तो वेळेचा आणि गॅसचा अपव्यय वाटे. म्हणून यांनी तिला हा कुकर आणून दिला, सगळ्यात चांगला, सील स्वतः तपासून. तिनं छान आहे म्हटलं आणि खोकं कपाटावर ठेवलं. ते खोकं तिथेच राहिलं. ती गेल्यावर यांनी ते खाली काढलं.

"तिचं सूप जास्त चांगलं होतं का?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले, आणि झाकण उघडलं.

नातवंडांचं कळलं तेही असंच, तुकड्यानं. हॅम्बर्गला एक नातू होता, सहा वर्षांचा, आणि एक नात, तीनची. सून जर्मन. नातू चार-पाच महिन्यांचा होता तेव्हा ते सगळे इथे आले होते. सुनेचं बाळाच्या खाण्याचं वेळापत्रक ठरलेलं होतं. आधी गाजर, आठवडाभरानं बटाटा, असं. ती अंघोळीला गेली असताना घरमालकांनी बाळाला चमचाभर हाडाचं सूप पाजलं. बाळाला आवडलं. सुनेला नाही.

"ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाही," घरमालक म्हणाले. "मी म्हणालो, सूप द्यायला विचारायचं काय. ती म्हणाली, मूल माझं आहे. संध्याकाळी ते हॉटेलात गेले."

तेव्हापासून भेट वर्षातून एकदा, स्टुटगार्टमधल्या रेस्टॉरंटात, तास-दीड तास. घरी नाही. त्यात सुनेचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या तान्ह्याला मला न विचारता कुणी काही पाजलं असतं तर मी हॉटेलात गेले नसते, त्यालाच पाठवलं असतं. मी त्यांना तसं सांगितलंही.

"गेनाऊ," ते म्हणाले. अगदी बरोबर. "पण मी अजून विचारलेलं नाही. सहा वर्षं होत आली. आता कसं विचारणार?"

मग मला कळलं की आमच्या मुलांना दर शनिवारी जे पाजलं जात होतं ती तालीम होती. मला त्याचं काही वाटलं नाही. तालमीत माझा मुलगा चांगला भरला होता.

आणि मग तो रविवार आला. सून मुलांना घेऊन बोडनझे सरोवरावर सुट्टीला गेली होती, तिचा नवरा कामामुळे हॅम्बर्गलाच. परतीची गाडी स्टुटगार्टहून होती. तिनं स्वतःहून कळवलं की दुपारी जेवायला घरी येतो. घरी, असा शब्द होता. घरमालकांनी तो निरोप मला फोनवर उघडून दाखवला, मग परत एकदा दाखवला. आदल्या दिवशी त्यांनी कुकरचं सील काढून नवीन घातलं. माझ्या मुलीला बोलावून ठेवलं, कारण नातवंडं फक्त जर्मन बोलतात आणि मुलांना मूल लागतं.

ते उशिरा आले. दोन वाजता यायचे ते चारच्या सुमाराला. आणि घरमालकांनी सूप चढवून ठेवलं नव्हतं. तयार सूप ताटकळत ठेवायचं नसतं. बेल वाजली तेव्हा त्यांनी गॅस लावला.

सून उंच, शांत बाई होती. तिनं मला हात दिला, घड्याळ बघितलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. घरमालक स्टुलावर. नातू दाराआडून बघत होता. माझ्या मुलीनं त्याला बजावलं, "आत्ता बोलायचं नाही. वाफ आहे." तो पण गप्प. अशा गप्प घरात मी कधी बसले नव्हते. मुलांना भूक लागली म्हणून मी वरून ब्रेट्झेल, म्हणजे इथले खारे पाव, आणले. घरमालकांनी गॅस बंद केला तेव्हा सून म्हणाली, "आम्हाला आता निघायला हवं. गाडी चुकेल."

"पिन वर आहे."

"वाफ सोडायची कळ असते ना त्याला?"

"असते," ते म्हणाले.

दोघंही त्या कळीकडे बघत होते. मी पण. ती दाबली असती तर दोन मिनिटांत सूप वाट्यांत होतं. गढूळ, पण होतं. मला वाटतं सून तेवढ्यासाठी थांबलीही असती. त्यांनी हात पुढे केला, मुठीपर्यंत नेला, आणि कुकर उचलला.

"तुम्ही कप घ्या," ते मला म्हणाले. "आणि पळी."

त्यांनी कुकर आपल्या हिवाळ्याच्या जाड लोकरी कोटात गुंडाळला, फक्त पिन उघडी ठेवली, आणि आम्ही सगळे एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसलो. घरमालक, मांडीवर कुकर; सून; दोन नातवंडं; मी, पिशवीत कप; आणि माझी मुलगी. समोरच्या आजीबाईंनी विचारलं, काय आहे म्हणून. माझी मुलगी म्हणाली, सूप, पण अजून नाही. आजीबाईंनी मान डोलावली. कुकर आचेवरून उतरलेला होता, आतलं प्रेशर फक्त कमीच होणार होतं, त्यामुळे मला भीती नव्हती. अडचण वेगळी होती. कोट फार चांगला होता. तीस वर्षं गळती थांबवलेल्या माणसानं कुकर असा बांधला होता की तो निवतच नव्हता. पिन उतरेना.

स्टुटगार्टच्या फलाटावर पोहोचलो तेव्हाही ती वरच होती. घरमालकांनी कुकर बाकावर ठेवला आणि समोर उकिडवे बसून पिनेकडे बघत राहिले. अंगात तो निळा डगला. थंडी होती. सून गाडीच्या पाटीकडे बघत होती.

दोन पोलीस आले. एक तरुण, एक वयानं मोठ्या बाई.

"हे काय आहे?" तरुणानं विचारलं.

"सूप," घरमालक म्हणाले. नजर पिनेवर.

"उघडा बघू."

"नाइन."

"का नाही?"

"आत प्रेशर आहे."

मी डोळे मिटले. रेल्वे फलाटावर, कोटात गुंडाळलेल्या स्टीलच्या भांड्याबद्दल, पोलिसाला हे उत्तर देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. डोळे उघडले तेव्हा तरुण पोलीस एक पाऊल मागे होता आणि त्याचा हात खांद्यावरच्या वायरलेसवर होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात सून मध्ये येऊन उभी राहिली.

"हे माझे सासरे आहेत," ती म्हणाली. स्वच्छ, सावकाश, हॅम्बर्गच्या जर्मनमध्ये. "आत माझ्या मुलांचं सूप आहे. ते आत्ता उघडणार नाहीत. उघडूही नये, धोका असतो. पिन खाली आली की उघडतील."

"किती वेळ लागेल?"

सुनेनं सासऱ्यांकडे बघितलं. "किती?"

"थोडा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कोट काढला तर कमी."

"मग काढा," सून म्हणाली.

त्यांनी कोट काढला. पोलीसबाई वाकल्या, मूठ बघितली, पिनेवरचं वळं बघितलं. "माझ्या आईकडे हाच होता," त्या सहकाऱ्याला म्हणाल्या. "तिनं एकदा आधीच उघडला. छताला वाटाणे लागले होते. थांबू या."

म्हणून आम्ही सगळे बाकाभोवती थांबलो. दरम्यान घोषणा झाली की हॅम्बर्गची गाडी उशिरा येत आहे. घरमालकांनी मान हलवली, जणू ते ठरलेलंच होतं.

पिन खाली गेली. त्याचा आवाज होत नाही, पण त्या वेळी झाल्यासारखा वाटला. त्यांनी मूठ फिरवली, झाकण काढलं. वाफ वर गेली आणि खाली सूप दिसलं, नितळ, तळाशी गाजर. माझ्याकडून पळी घेतली, पहिला कप भरला, आणि तिथेच थांबले. कप हातात. नातवाकडे नाही, सुनेकडे बघत होते.

"मुलांना देऊ का?" त्यांनी विचारलं.

सुनेनं कपाच्या कडेला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "द्या. गरम आहे, फुंकर घालून द्या."

त्यांनी फुंकर घातली. बराच वेळ घातली. नातवानं कपात बघितलं. "यात काहीतरी तरंगतंय."

"लाल आहे ना, ते गिळायचं," माझ्या मुलीनं सांगितलं. "मग जीभ दाखवायची."

नातवानं कप रिकामा केला आणि जीभ दाखवली. तरुण पोलिसाला. त्यानं गोंधळून "ठीक आहे" म्हटलं, म्हणून मुलानं ती आत घेतली. धाकटी एका दमात प्यायली आणि कप पुढे केला. पोलीसबाईंनी अर्धा कप घेतला. तरुणानं ड्यूटीवर असल्याचं सांगितलं. सुनेनं स्वतःच्या हातानं एक कप भरून घेतला, उभ्यानंच प्यायली आणि म्हणाली, "मीठ नाही यात."

"आहे," घरमालक म्हणाले. "थोडं."

"त्या वेळी पण एवढंच होतं का?"

"त्या वेळी नव्हतंच. मुलगा फार लहान होता."

ती हसली नाही. पण तिनं अजून अर्धा कप घेतला.

गाडी आली तेव्हा एकच धांदल उडाली. बॅगा, मुलं, टोप्या. सून दारातून म्हणाली, "ते भांडं द्या इकडे, गाडीत पितील." घरमालकांनी कुकर कोटात गुंडाळला आणि आत दिला. दार लागलं. नातू काचेतून जीभ दाखवत होता, आता सवयीनं. गाडी हलली. घरमालक निळ्या डगल्यात फलाटावर उभे होते, आणि त्यांच्या हातात झाकण होतं.

परतताना एस-बानमध्ये ते झाकण त्यांनी मांडीवर उलटं धरलं होतं, सील वर. मी म्हटलं, उद्या पार्सलनं पाठवून द्या. भांडं तिकडे, झाकण इकडे, कुणाच्याच कामाचं नाही.

"झाकण पार्सलनं पाठवत नाहीत," ते म्हणाले. "सील वळतं."

आयुष्यभर ज्या माणसानं झाकणं सांभाळली तो झाकण द्यायला विसरतो, हे मला पटलेलं नाही. पण मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात, एवढं शिक्षण माझं झालेलं आहे.

त्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी मी ऑफिसला निघाले तर ते जिन्यात भेटले. पायाशी छोटी बॅग, काखेत टॉवेलात बांधलेलं झाकण. हॅम्बर्गला निघाले होते. सुनेला फोन करून विचारलं होतं. ती हो म्हणाली होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि त्यांच्या अंगात तोच निळा डगला होता.

"हॅम्बर्गला याहून जास्त पाऊस असतो," मी म्हटलं. "कोट घालून जा."

"कोट तिकडेच आहे," ते म्हणाले, आणि स्टेशनच्या दिशेनं निघाले.